खान्देशातून हॉकी बघायला निघताना

हॉकी बघायला परगावी चाललोय, असं जळगाव-धुळ्याच्या बाजूला कुणाला सांगून बघा. उत्तर ठरलेलं असतं: "हॉकी? ती कोठे शे आपलाकडे?" प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे गल्लीत क्रिकेट, शाळेत कबड्डी-खोखो आणि हॉकीची स्टिक बहुतेकांनी पाहिली ती सिनेमातल्या मारामारीत. पण चाहता व्हायला दारात निळं टर्फ, म्हणजे कृत्रिम गवताचं मैदान, असावं लागत नाही. आपल्या दारात रेल्वे आहे. झाशी, भोपाळ, राऊरकेला ही हॉकीची नावाजलेली गावं भुसावळवरून जाणाऱ्या गाड्यांच्याच वाटेवर आहेत, आणि हे आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही.

पॅरिस ऑलिंपिकचं कांस्यपदक टीव्हीवर पाहून ज्यांना या खेळाची गोडी लागली, पण स्टिक कधी हातात धरली नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. क्रम महत्त्वाचा आहे. आधी खेळ बघायला शिका, मग जवळचं मैदान गाठा, मग लांबचा प्रवास आणि देणगीचा हात त्यानंतर सैल सोडा. काही जण उलटं करतात. थेट मोठ्या स्पर्धेचं तिकीट काढून जातात आणि शिट्टी कशाची वाजली हेच त्यांना कळत नाही. मग शेजारी बसलेल्या ओडिशाच्या शाळकरी पोराला विचारत बसावं लागतं. पोरं सांगतात म्हणा, आणि छान सांगतात.

आधी घरी: डोळा बसवा

सामना १५ मिनिटांच्या चार डावांचा असतो. मधल्या विश्रांती धरून दीड-पावणेदोन तासांत खेळ संपतो, म्हणजे सकाळी बसलेला माणूस संध्याकाळी उठला असं इथे होत नाही. मैदानात प्रत्येकी अकरा जण. बदली खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करू शकतात, त्यामुळे कडेला सतत धावपळ दिसते. त्यात गोंधळून जाऊ नका. हिरवं कार्ड म्हणजे दोन मिनिटं बाहेर, पिवळं म्हणजे निदान पाच मिनिटं, लाल म्हणजे सामन्यातूनच घरी. स्टिकच्या सपाट बाजूनेच चेंडू खेळायचा आणि गोलकीपर सोडून कुणाच्याही पायाला चेंडू लागून फायदा झाला तर शिट्टी. सुरुवातीला एवढं पुरे.

पेनल्टी कॉर्नरवर मात्र वेळ घालवा. अर्धा खेळ तिथेच आहे. गोलसमोर १४.६३ मीटरचा अर्धगोल आखलेला असतो, त्याला सर्कल किंवा 'डी' म्हणतात. त्याच्या आत बचाव करणाऱ्याने चूक केली की पेनल्टी कॉर्नर मिळतो. बचाव करणारे गोलकीपर धरून पाच जण गोलरेषेमागे उभे राहतात, बाकीचे मधल्या रेषेपलीकडे जातात. गोलच्या खांबापासून दहा मीटरवरून एक जण चेंडू आत ढकलतो, सर्कलच्या बाहेर दुसरा तो अडवतो आणि तिसरा मारतो. अडवल्यावर चेंडू बाहेरून आत आणायचा, मगच मारायचा. या तिघांचं काम पापणी लवते तेवढ्या वेळात उरकतं. पहिल्यांदा बघताना सगळे मारणाऱ्याकडे बघतात. तुम्ही अडवणाऱ्याकडे बघा. त्याची स्टिक जमिनीला टेकलेली असते, चेंडू तिथे येऊन मेल्यासारखा थांबला तरच पुढचं सगळं जमतं. आणि तोंडावर मुखवटे चढवून गोलमधून पळत सुटणारे ते चौघे बघा. ताशी शंभर किलोमीटरच्या वर जाऊ शकणाऱ्या चेंडूच्या दिशेने ते आपणहून धावतात.

मारण्यातही फरक आहे. कॉर्नरवर पहिलाच सरळ टोला हाणला तर चेंडू गोलरेषेवर ४६० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे गोलच्या मागच्या फळीपेक्षा, वर जाता कामा नये. पण स्टिकवर ओढत नेऊन उचलून फेकला, ज्याला ड्रॅगफ्लिक म्हणतात, तर तो कोपऱ्यात हवा तेवढा उंच घालता येतो. हरमनप्रीत सिंगने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये दहा गोल केले, त्यातले बरेचसे पेनल्टी कॉर्नर आणि पेनल्टी स्ट्रोकवरचे (स्ट्रोक म्हणजे समोर फक्त गोलकीपर असताना एकट्याने मारायचा फटका). त्याच स्पर्धेतला ब्रिटनविरुद्धचा उपांत्यपूर्व सामना मिळाला तर पूर्ण बघा. सतराव्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड मिळालं, उरलेला सामना भारत दहा जणांनी खेळला आणि बरोबरीनंतर शूटआऊटमध्ये, म्हणजे एकेका खेळाडूने गोलकीपरला एकट्याने भिडायचं त्यात, ४-२ ने जिंकला. आपला गोलकीपर श्रीजेश गोलमध्ये काय करत होता ते बघितलं की गोलकीपर या माणसाबद्दल कायमचा आदर वाटतो. तो आदर पुढे देणगीच्या वेळी कामाला येईल.

मग जवळचं मैदान

जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याचं कार्यालय जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी आहे. तिथे जाऊन एवढंच विचारा: "साहेब, नेहरू हॉकीचे जिल्हा आणि विभागाचे सामने यंदा कधी आणि कुठे?" जवाहरलाल नेहरू हॉकी स्पर्धा ही शाळकरी मुलामुलींची आहे, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी ती वर जाते. आपले जिल्हे क्रीडा खात्याच्या नाशिक विभागात येतात. तारखा पावसावर आणि परीक्षांवर हलतात, म्हणून आदल्या दिवशी फोन करून खात्री करा. तिकीट वगैरे काही नसतं.

इथे टर्फची अपेक्षा ठेवू नका. मुरमाचं किंवा मातीचं मैदान, फक्कीने आखलेल्या रेषा, चेंडू उसळला की कुठे जाईल याचा नेम नाही. हे बघणं तरीही चुकवू नये असं माझं मत आहे. टर्फवर चेंडू इतका सरळ पळतो की चेंडू थांबवण्यातली कला दिसत नाही. खडबडीत मैदानावर चौदा-पंधरा वर्षांची पोर उसळता चेंडू स्टिकवर मेल्यागत थांबवते तेव्हा ती कला काय आहे ते कळतं. रेषेच्या दोन-तीन पावलं मागे उभे राहा. चेंडूचं वजन १५६ ते १६३ ग्रॅम असतं, तो भरीव आणि टणक असतो आणि नडगीवर बसला की आठवडाभर लक्षात राहतो. लहान मूल बरोबर असेल तर गोलच्या मागे मुळीच थांबू नका.

सामना संपला की शिक्षकांशी बोला. खेळाचे शिक्षक, ज्यांना सगळे 'सर' म्हणूनच हाक मारतात, ते बोलायला उत्सुक असतात, कारण सहसा कुणी बोलायला येत नाही. कोणती शाळा खेळते, मुलं सराव कुठे करतात, सामानाची काय अवस्था आहे ही माहिती तिथेच मिळते.

पुणे किंवा मुंबई: पहिलं खरं स्टेडियम

पुण्याला पिंपरीच्या नेहरूनगरमध्ये मेजर ध्यानचंद हॉकी स्टेडियम आहे. डिसेंबर २०२१ ची पुरुषांची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा तिथेच झाली. नव्या चाहत्याने सुरुवात अशाच राष्ट्रीय स्पर्धेपासून करावी. दिवसाला अनेक सामने होतात, गर्दी बेताची असते आणि हवी तिथे जागा मिळते. सकाळी गेलात तर संध्याकाळपर्यंत चार राज्यांची हॉकी बघून होते. पंजाबचे खेळाडू चेंडू घेऊन थेट घुसतात, झारखंड-ओडिशाच्या पोरींचा वेग काही वेगळाच असतो. हे फरक टीव्हीवर दिसत नाहीत. पुण्यात आहातच तर खडकीतून एक चक्कर मारा. भारताचा नावाजलेला खेळाडू धनराज पिल्ले तिथल्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत वाढला, चार ऑलिंपिक आणि चार विश्वचषक खेळला. तिथे स्मारक-बिरक शोधू नका. मैदानं बघा. आपल्या वरणगाव-भुसावळच्या ऑर्डनन्स वसाहतींत राहिलेल्या माणसाला ती मैदानं, ते क्वार्टर्स ओळखीचे वाटतील.

मुंबईला चर्चगेटजवळ महिंद्रा हॉकी स्टेडियम आहे. आगा खान, बॉम्बे गोल्ड कप या तिथल्या जुन्या स्पर्धा. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरच्या लोकांना सुरतमार्गे पश्चिम रेल्वेने येणं सोयीचं, कारण तीच लाइन शेवटी चर्चगेटला पोचते. जळगाव-चाळीसगावकरांनी रात्रीच्या गाडीने दादर गाठून पश्चिमेची लोकल पकडावी.

बसायचं कुठे? पहिल्यांदा गेलात तर लांब बाजूला, मध्याच्या जवळ आणि जितकं वर बसता येईल तितकं वर बसा. मैदान ९१.४ मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद असतं. खालून बघितलं तर नुसते पाय दिसतात, वरून डावपेच दिसतात. दुसऱ्या सामन्याला गोलच्या मागे वरच्या रांगेत बसा, कॉर्नर तिथून बघावा. दुपारचा सामना असेल तर पश्चिमेकडचा स्टँड धरा, ऊन पाठीवर येतं. सामन्याआधी आणि मध्यंतरात टर्फवर पाण्याचे फवारे सोडतात. खेळ थांबला की काय असं समजून उठू नका. टर्फ ओलं असलं की चेंडू नीट पळतो आणि पडलेल्याचं कातडं कमी सोलतं. मोठ्या सामन्याला पाण्याची बाटली, पॉवर बँक, नाणी, लायटर दाराशीच काढून घेतात, तेव्हा पिशवी हलकी ठेवा. शेवभाजीचा डबा तर नकोच. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आवरायला सोपी, तीही स्टेशनवरच खाऊन घ्या.

झाशी: ध्यानचंदांच्या गावी

मराठी माणूस झाशीला जातो तो राणीसाठी. किल्ला बघतो, राणीमहाल बघतो, गाडी पकडतो. हॉकीवाल्याने आणखी अर्धा दिवस हाताशी ठेवावा.

जळगाव किंवा भुसावळहून पंजाब मेल, झेलम एक्स्प्रेस अशा गाड्या खंडवा-इटारसी-भोपाळमार्गे झाशीला जातात. प्रवास दहा-बारा तासांचा. स्टेशनचं नाव आता वीरांगना लक्ष्मीबाई झाशी आहे, आरक्षण करताना 'झाशी' शोधून सापडलं नाही तर घाबरू नका. डिसेंबर-जानेवारीत धुक्याने उत्तरेकडून येणाऱ्या गाड्या तासन् तास उशिरा धावतात, म्हणून परतीच्या दिवशी दुसरं काही काम ठरवू नका. मार्च उलटला की बुंदेलखंडाचं ऊन आपल्या भुसावळच्या उन्हाशी बरोबरी करतं. ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी, हेच महिने चांगले.

ध्यानचंद जन्मले अलाहाबादला, २९ ऑगस्ट १९०५ रोजी. वडील लष्करात, त्यांच्या नोकरीमुळे कुटुंब झाशीत आलं आणि तिथलंच झालं. १९२८ चं ॲमस्टरडॅम, १९३२ चं लॉस एंजेलिस, १९३६ चं बर्लिन, अशी तीन ऑलिंपिक सुवर्णं. ॲमस्टरडॅमला त्यांनी एकट्याने १४ गोल केले. बर्लिनच्या अंतिम सामन्यात जर्मनीला त्यांच्याच घरी ८-१ ने हरवलं, तारीख होती १५ ऑगस्ट. ३ डिसेंबर १९७९ ला दिल्लीत ते गेले आणि त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले ते झाशीच्या हीरोज ग्राउंडवर, जिथे ते खेळत आले होते. पहिल्यांदा तिथे जा. मैदान आहे, समाधी आहे, आणि गाईड नाही, गर्दी नाही. रिक्षावाल्याला 'हीरोज ग्राउंड, ध्यानचंदजी वाला' एवढं सांगितलं की पुरतं. मैदानावर मुलं खेळत असतील तर कडेला बसून बघा. त्यांचा सराव थांबवून फोटो काढायला लावू नका.

दुसरी जागा म्हणजे टेकडीवरचा त्यांचा पुतळा. तो शहरातून लांबूनही दिसतो. सकाळी लवकर चढा, ऊन टळतं आणि वरून झाशीचा पसारा नीट दिसतो.

एक दिवस जास्तीचा असेल तर पुढे ग्वाल्हेर गाठा, झाशीहून गाडीने दीड-दोन तास. तिथलं कॅप्टन रूपसिंग स्टेडियम ध्यानचंदांच्या धाकट्या भावाच्या नावाचं आहे. १९३२ मध्ये भारताने अमेरिकेला २४-१ ने हरवलं, त्यातले दहा गोल रूपसिंगचे. गंमत म्हणजे हे नाव आपल्या कानावर आलं ते क्रिकेटमुळे: सचिनचं एकदिवसीय सामन्यातलं द्विशतक २४ फेब्रुवारी २०१० ला याच मैदानावर झालं. मूळ हॉकीसाठी बांधलेल्या मैदानाची ही गत. हॉकीवाल्यांनी याबद्दल थोडं कुरकुरायला हरकत नाही.

येताना भोपाळला उतरायचं का? ऐशबाग स्टेडियमवर सामने असतील तर जरूर. ओबैदुल्ला कप ही तिथली जुनी स्पर्धा. १९७५ च्या क्वालालंपूर विश्वचषकात उपांत्य सामन्यात मलेशियाविरुद्ध अखेरच्या मिनिटांत बरोबरीचा गोल करणारा अस्लम शेर खान भोपाळचाच. त्यामुळे भारत अंतिम फेरीपर्यंत पोचला आणि तिथे ध्यानचंदांचे चिरंजीव अशोककुमार यांच्या गोलने पाकिस्तानला २-१ ने हरवलं. पुरुषांचा तो भारताचा एकमेव विश्वचषक. सामने नसतील तर मात्र भोपाळला केवळ हॉकीसाठी उतरू नका.

राऊरकेला: जत्रा बघायची तर इथे

हावडा मेल, गीतांजली, आझाद हिंद या गाड्या भुसावळहून नागपूर-बिलासपूरमार्गे राऊरकेलाला नेतात, सोळा-अठरा तास लागतात. तिथलं बिरसा मुंडा स्टेडियम जानेवारी २०२३ च्या विश्वचषकाआधी उभं राहिलं. वीस हजारांवर खुर्च्या आहेत. हॉकीसाठी वीस हजार माणसं एका वेळी ओरडतात हे आपल्याकडच्या माणसाने एकदा ऐकावं. भुवनेश्वरचं कलिंगा स्टेडियमही नामांकित आहे, २०१८ चा विश्वचषक तिथे झाला, पण खान्देशातून जायला राऊरकेला सरळ पडतं आणि गाव जास्त हॉकीवेडं आहे.

राऊरकेला ज्यात येतं तो ओडिशाचा सुंदरगड जिल्हा आणि शेजारचा झारखंडचा सिमडेगा इथे हॉकी म्हणजे गावकी. भारताकडून खेळलेला दिलीप तिर्की सुंदरगडच्या सौनामारा गावचा, महिला संघातली सलीमा टेटे सिमडेगाच्या बडकीछापरची. तिथल्या गावोगावच्या स्पर्धांत जिंकणाऱ्या संघाला बोकड मिळतो, म्हणून त्यांना खस्सी टुर्नामेंट म्हणतात. बांबूच्या, नाही तर झाडाच्या फांदीच्या स्टिकांवर खेळायला शिकून पोरं देशाच्या संघापर्यंत गेली आहेत. राऊरकेलात असताना अशी एखादी स्पर्धा जवळपास आहे का, हे लॉजच्या मालकाला किंवा रिक्षावाल्याला विचारा. स्टेडियम कदाचित विसराल, ही विसरणार नाही. आपल्या धडगाव-अक्कलकुव्याकडच्या माणसाला तिथे परकं वाटणार नाही.

सामना नसताना नुसतं स्टेडियम बघायला एवढा प्रवास करू नका. वेळापत्रक हातात आल्यावरच आरक्षण करा, आणि परतीचं तिकीट अंतिम सामन्याच्या दुसऱ्या दिवसाचं काढा.

धर्मादाय सामने आणि देणगी

हॉकीत चाहत्यांच्या पैशाला जुना मान आहे. १९२८ मध्ये ॲमस्टरडॅमला निघालेल्या संघाकडे १५,००० रुपये कमी पडले. दोन खेळाडू मागे ठेवायची पाळी आली होती. बंगालच्या हॉकीवाल्यांनी पैसे उभे केले तेव्हा ते दोघे बोटीवर चढले. मुंबई बंदरावर त्या संघाला निरोप द्यायला तीन माणसं आली होती. सुवर्ण घेऊन परतल्यावर मात्र गर्दी आवरेना.

आज अशा कार्यक्रमांचे तीन-चार प्रकार दिसतात. २९ ऑगस्टच्या राष्ट्रीय क्रीडा दिनाची दौड, माजी खेळाडूंचा प्रदर्शनी सामना, सही केलेल्या स्टिकचा लिलाव आणि जुनं सामान गोळा करणं. दौडीत भाग घ्या, पळायला जमत नसेल तर चाला, कुणी बघत नाही. प्रदर्शनी सामन्यात गोल किती झाले याला अर्थ नसतो, पण माजी खेळाडू हात राखून खेळत असले तरी चेंडू थांबवायचा हात तोच असतो, तो बघा. खेळाडूला भेटायचं तर सामना संपल्यावर दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या, त्यांना अंग मोकळं करायचं असतं. कागद आणि जाड पेन आपलं न्या. 'सर' किंवा 'मॅडम' म्हणा, एक प्रश्न विचारा, एक फोटो घ्या आणि बाजूला व्हा. लिलावात बोली लावायची असेल तर आकडा घरून ठरवून निघा. भर मंडपात शेजारच्या भाऊंशी चढाओढ लागली की देणगी राहते बाजूला आणि इज्जतीचा प्रश्न होतो.

पैसे देण्याआधी तीन गोष्टी विचारायला लाजू नका. संस्था नोंदणीकृत आहे का आणि नोंदणी क्रमांक काय? नोंदणी नसलेल्या मंडळाने तात्पुरती वर्गणी गोळा केली असेल, तर धर्मादाय कार्यालयाची कलम ४१क खालची परवानगी आहे का? गणेश मंडळं काढतात तीच ही, त्यामुळे 'आम्हाला माहीत नव्हतं' हे उत्तर महाराष्ट्रात तरी चालू नये. आणि क्यूआर कोड स्कॅन केल्यावर नाव संस्थेचं येतं की कुणा एकाचं? एकाचं येत असेल तर हात आखडा. करसवलत हवी असेल तर संस्थेकडे ८०जी ची मान्यता असावी लागते आणि २,००० रुपयांवरची रोख देणगी सवलतीत धरत नाहीत. ऑनलाइन किंवा चेकने द्या. नवी करप्रणाली घेतली असेल तर ही वजावट मिळतच नाही, तेव्हा पावतीसाठी हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

पैशापेक्षा वस्तू द्यायची असेल तर माझं ठाम म्हणणं आहे: गोलकीपरचं सामान द्या. स्टिक देणारे पुष्कळ भेटतात, कारण स्टिक दिल्याचा फोटो चांगला येतो. पण पॅड, किकर (बुटांवर चढवायचं संरक्षण), हेल्मेट, छातीचं कवच आणि दोन्ही हातांचे संरक्षक हा संच महाग असतो, आणि शाळेकडे असलाच तर एकच, तोही मापाने मोठा, पट्टे तुटले म्हणून सुतळीने बांधलेला. हेल्मेट पुढे डोळ्यांवर घसरतं, पोरगं एका हाताने ते वर ढकलत दुसऱ्या हाताने गोल अडवतं. अशा पोराला मापाचं हेल्मेट मिळालं तर अख्खा संघ नीट सराव करू शकतो. गोलकीपरनंतर चेंडू द्या, कारण ते हरवतात आणि झिजतात. स्टिक द्यायच्याच असतील तर खेळणाऱ्या मुलांच्या कमरेच्या हाडापर्यंतची उंची मोजून आणा; मोठ्यांची साडेछत्तीस इंची स्टिक पाचवीतल्या मुलीच्या हातात दिली तर ती वाकायलाच शिकत नाही. जालंधर आणि मेरठ इथे हे सामान बनतं, घाऊक घेतलं तर भाव पडतो, म्हणून चार-पाच जणांनी मिळून मागवा. आश्रमशाळेला द्यायचं असेल तर मुख्याध्यापकांना आधी भेटा, आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाला पत्र लागतं का ते त्यांच्याकडूनच कळेल, आणि सामान शाळेच्या साठा नोंदवहीत चढवून घ्या. चढवलं नाही तर शिक्षक बदलून गेले की सामानही दिसेनासं होतं.

आपल्या गावात २९ ऑगस्ट

वर्ष-दोन वर्षं असं फिरल्यावर आपल्याकडेही काही करावं असं वाटू लागतं. करा, पण लहान करा. दोन शाळांचा मुलींचा एक सामना, मुलांचा एक, एवढंच.

जूनमध्ये शाळा उघडल्या की सरांशी बोला. मैदान ज्याचं आहे त्याची लेखी परवानगी घ्या, पोलीस ठाण्याला पत्र द्या, ध्वनिक्षेपक लावणार असाल तर त्याचाही उल्लेख त्यातच करा. ऑगस्ट अखेरीस आपली काळी माती काय करते हे सांगायला नको. चपलेला शेर-शेर चिकटते आणि चेंडू जागचा हलत नाही. म्हणून मुरमाचं मैदान बघा, आणि पर्यायी तारीख पहिल्या दिवशीच जाहीर करून टाका. सामना सकाळी आठला सुरू करा, साडेदहाला आटोपा. पिण्याचं पाणी, बर्फ, प्रथमोपचार पेटी आणि एक चारचाकी दारात उभी, एवढं झाल्याशिवाय शिट्टी वाजवू देऊ नका. गोलच्या मागे जाळी बांधा, केळीच्या बागेच्या कुंपणाची जुनी जाळीही चालते.

पाहुणा बोलावलात तर त्याचं भाषण सामन्यानंतर ठेवा. आधी ठेवलं तर मुलं उन्हात उभी राहतात आणि अंग गार पडतं. हार-शालींवर खर्च करू नका, त्या पैशात चेंडू येतात. खेळून झाल्यावर मुलांना पोहे आणि केळी द्या. केळी तर आपल्याकडे कुणीही शेतकरी मागितल्याबरोबर घड आणून ठेवतो. किती जमले, कशाला खर्च झाले, किती उरले याचा हिशेब एका कागदावर लिहून शाळेच्या फलकावर लावा. उरलेल्या पैशातून काय घ्यायचं ते सरांनी नव्हे, गोलकीपरने सांगायचं.